मैत्रिणी मिळून हस्तकलेचा धंदा: अर्ज कुणाच्या नावानं, आणि कागदं कुठं अडतात

चार-पाच मैत्रिणी मिळून गोधड्या शिवायला घेतात. तांड्यावरच्या दोघी-तिघी आरसेकाम, भरतकाम करून पिशव्या बनवतात. तुळजापूरच्या आसपास कवड्यांच्या माळा, किनवटकडं बांबूच्या टोपल्या. हात चांगला असतो, गिऱ्हाईक मिळायला लागलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, सरकारची सबसिडी आहे, अर्ज करा. महिनाभर हेलपाटे होतात आणि अर्ज परत येतो. कारणं वेगवेगळी लिहून येतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं: धंदा सगळ्यांचा आणि अर्ज एकीच्या नावानं. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी अर्जदार कोण हे ठरवा. प्रत्येक योजनेचा अर्जदार वेगळा आहे आणि पुढची सगळी कागदं त्यावरच ठरतात.

एकत्र काम करायच्या मुख्य वाटा दोन, बचत गट आणि भागीदारी. ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटाला साधारण १० ते २० महिला लागतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची वही ही पंचसूत्री सहा महिने नीट पाळली की बँकेच्या कर्जाची वाट उघडते. पाचजणी असाल तर दहाचा आकडा भरायला जावा-नणंदांची नावं घालू नका. बँक बैठकीचं रजिस्टर आणि सह्या बघते, आणि कधीच न आलेल्या बाईच्या नावावरही कर्जाची जबाबदारी चढते. हे कुणी आधी सांगत नाही.

भागीदारीला दोघी पुरतात. करारपत्र मुद्रांकावर करायचं, भांडवल ५० हजारांपर्यंत असेल तर मुद्रांक ५०० रुपयांचा. भागीदारी कायदा १९३२ चा. त्यात नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बहुतेकजण ती टाळतात. पण त्याच कायद्याचं कलम ६९ सांगतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. दुकानदारानं तीनशे पिशव्या उचलल्या आणि पैसे बुडवले तर तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही. नोंदणी करून घ्या.

करारपत्राचा तयार नमुना टायपिंगवाल्याकडं मिळतो आणि तिथंच चूक होते. त्यात पैसा किती आणि नफ्याचा वाटा किती एवढंच असतं. तुमच्यात एकीनं पैसे घातलेले असतात, दुसरीनं फक्त हातकाम दिलेलं असतं, तिसरीच्या घरात मशीन ठेवलेली असते. हे सगळं लिहा. बँकेत सही कुणाची चालणार हेही. आणि एखादी लग्न होऊन पुण्याला गेली तर तिचा हिशोब कसा मिटवायचा, ते आज मैत्री गोड असतानाच लिहा. मागाहून हा विषय काढणं फार जड जातं.

करार झाला की फर्मचं वेगळं पॅन काढा. फर्मच्या पॅनमधलं चौथं अक्षर ‘एफ’ असतं, माणसाच्या पॅनमध्ये ‘पी’. एकीचं स्वतःचं पॅन लावून फर्मचं चालू खातं उघडता येत नाही. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती) शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकानं-आस्थापना कायद्याचा परवाना लागत नाही, २०१७ च्या कायद्याप्रमाणं फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. मुदत धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवस. करारपत्राच्या तारखेपासून मोजून ‘मुदत गेली’ म्हणत कित्येकजणी अर्जच करत नाहीत, आणि मग बँक तीच पावती मागते.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. फर्म असेल तर फर्मच्या पॅनवर एकच नोंदणी करा. चौघींनी आपापल्या पॅनवर चार काढल्या तर बँकेला चार वेगळे धंदे दिसतात.

आता सबसिडी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात भागीदारी फर्म बसत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात भागीदारीही चालते आणि बँकेनं मान्यता दिलेला बचत गटही. नावं सारखी असल्यानं सेवा केंद्रावर एकीच्या जागी दुसरी भरली जाते, तेव्हा पोर्टल कुठलं उघडलंय ते स्वतः बघा. दोन्हीकडं सबसिडी प्रकल्प खर्चाच्या ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के, शहरात १५ आणि २५. महिला विशेष गटातच मोडतात. बाई म्हणून ३५ टक्के मागताना जातीचा दाखला लागत नाही, तरी त्या दाखल्यासाठी बाया तहसीलला खेटे घालताना दिसतात. कुणीतरी काउंटरवर एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत आहे?

केंद्र सरकारची, म्हणजे पंतप्रधानांच्या नावाची योजना एकीनं स्वतःच्या नावानं घेतली तर कर्ज तिचं एकटीचं. मैत्रिणी हप्ता भरतीलही, पण बँक तिलाच धरणार. हे पाचही जणींनी एकत्र बसून ऐकायला हवं. शिवाय ही योजना नव्या धंद्यासाठी आहे. वर्षभरापासून विक्री चालू असेल तर ते लपवून अर्ज करू नका, पाहणीत कळतं.

हस्तकलेचे अर्ज पडतात ते प्रकल्प अहवालावर. गोधडीला काय लागतं? कापड, दोरा, सुई. म्हणून अहवालात सगळा खर्च कच्च्या मालाचा लिहिला जातो. पण केंद्राच्या योजनेत भांडवली खर्च नसलेला प्रकल्प बसतच नाही. खरोखर लागणारी शिलाई मशीन, इंटरलॉक, कटिंगचं टेबल, कपाट यांची दरपत्रकं घ्या आणि अहवालात घाला. जागेची किंमत धरू नका. लागणार नसलेली मशीनही घालू नका, तिचा हप्ता तुम्हालाच भरायचाय. सबसिडी हातात मिळत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते, धंदा चालू दिसला तर मग कर्जात वळती होते. आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सातबारा मागितला तर ‘लेखी द्या’ म्हणा, नम्रपणे पण म्हणा.

सगळ्यात जास्त माणसं परत जातात ती जागेच्या कागदावरून. मागितलेला असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा. लोक आणतात तलाठ्याकडचा आठ-अ, तो शेतजमिनीच्या खात्याचा आहे. दोन्ही आठच, म्हणून दोष लोकांचा नाही. घर बहुधा सासऱ्याच्या नावावर असतं, त्यांचं संमतीपत्र जोडा. सासरे वारले असून वारसनोंद झाली नसेल तर आधी ती करून घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं.

नावाचं दुसरं. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. आधी आधार आणि पॅन जुळवा. जिल्ह्याचं नाव मात्र फॉर्मच्या यादीत दिसेल तेच निवडा. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आहे म्हणून ती बदलून आणायला धावू नका, कुणी तसं म्हटलं तर नियम दाखवा म्हणा.

पीएम विश्वकर्मा ही फर्मची योजना नव्हे, कारागिराची आहे, आणि एका कुटुंबातून एकालाच. त्यात १८ व्यवसाय आहेत: शिंपी, कुंभार, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे वगैरे. भरतकाम त्या यादीत नाही. सेवा केंद्रावर ‘शिंपी लिहू या’ म्हणतात, पण पडताळणी ग्रामपंचायतीत होते आणि गावाला माहीत असतं कोण काय करतं. शिवण खरंच येत असेल तरच लिहा. भरतकाम करणाऱ्यांनी हस्तशिल्प आयुक्तांचं पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र काढावं. तेही प्रत्येकीचं वेगळं आणि सरकारी मेळ्यांत स्टॉलसाठी कामाचं. पैठणी, हिमरू विणणाऱ्यांचं कार्ड हातमाग विभागाकडं, हस्तशिल्पाकडं नाही.

जीएसटी राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांच्या आत लागत नाही. नांदेड-लातूरच्या बायकांना हैदराबाद, बीदरचं प्रदर्शन जवळ पडतं. ते परराज्य, तिथं हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण पॅन आणि ई-वे बिल (माल नेण्याचं ऑनलाइन बिल) हवंच. ‘५० हजारांखाली ई-वे बिल लागत नाही’ हे इथं चालत नाही, माल दहा हजारांचा असला तरी काढा. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या साइटवर नोंदणीशिवाय फक्त राज्यातच विकता येतं, तेही जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेतल्यावर. पुण्याची ऑर्डर घ्या. साइटवरून हैदराबादची ऑर्डर घ्यायची असेल तर आधी जीएसटी नोंदणी करा, तीही फर्मच्या पॅनवर.