डीपीआय सोडा, इन्फ्रारेड आहे का ते विचारा

जुन्या फोटोंसाठी स्कॅनर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला किती ठिपके याचा. खोक्यावर ६४००, कधी १२८०० असा आकडा छापलेला असतो आणि ज्याचा मोठा तो भारी, असा समज. यातले फार मोठे आकडे बहुधा सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरून फुगवलेले असतात. शिवाय मशीन दर इंचाला किती ठिपके टिपतं हे वेगळं आणि त्याचं भिंग किती बारकावा दाखवतं हे वेगळं. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमी. खरोखरीचे २४०० डीपीआय मिळाले तरी सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल होतात. घरच्या फोटोंना पुष्कळ झाले.

खरा त्रास धुळीचा. निगेटिव्हवरचा केसाएवढा ओरखडा मोठ्या प्रिंटवर दोरीसारखा दिसतो. म्हणून रंगीत फिल्म स्कॅन करणाऱ्याने विचारायचं ते एवढंच: यात इन्फ्रारेड दिवा आहे का?

रंगीत फिल्म धुताना चांदी तयार होते, तिच्यासोबत रंगद्रव्यंही होतात. मग रसायनं चांदी काढून टाकतात. मागे उरतात फक्त तीन रंगद्रव्यं: सायन (हिरवट निळं), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळं. ही तिन्ही दृश्य प्रकाश अडवतात, पण अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरणांना जवळपास आरपार जाऊ देतात. धूळ आणि ओरखडे मात्र तेही अडवतात किंवा विखरतात. म्हणून लाल, हिरव्या, निळ्यानंतर मशीन चौथ्यांदा अवरक्त प्रकाशात पाहतं, तेव्हा फोटो गायब असतो आणि दिसतो फक्त कचरा. कचऱ्याचा नकाशाच हाती येतो! जिथे प्रकाश थोडासाच घटलाय तिथे त्या प्रमाणात रंग उजळून घ्यायचा. जिथे पूर्ण अडलाय तिथे शेजारच्या पिक्सेलवरून भरायचं. सायनचं शोषण लाल प्रकाशाच्या पलीकडे किंचित लांबतं, त्यामुळे लाल चित्राची पुसट सावली नकाशात उतरते. ती आधी वजा करावी लागते. कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम स्लाइडमध्ये ही सावली जास्त गडद, म्हणून तिथे ही युक्ती अडखळते. ‘डिजिटल आइस’ नावाने ती बाजारात आणणारी अमेरिकी कंपनी होती अप्लाइड सायन्स फिक्शन. (नाव खरंच असंच होतं.)

हाच गुणधर्म ग्रहणाच्या दिवशी डोळ्यांवर बेततो. ग्रहणात जेवू नये, बाहेर पडू नये या समजुती खुळचट आहेतच. पण त्यांना धाब्यावर बसवून गच्चीवरून रंगीत निगेटिव्हमधून सूर्य पाहणारेही तितकेच चुकतात. काळ्याभोर दिसणाऱ्या त्या पट्टीतून अवरक्त किरण सरळ डोळ्याच्या पडद्यावर पोचतात, आणि पडदा भाजला तरी दुखत नाही.

कृष्णधवल फिल्मचं उलट आहे. तिथे चित्र चांदीचंच असतं आणि चांदी अवरक्त किरण अडवते, त्यामुळे मशीनला अख्खा चेहराच कचरा वाटतो आणि ते नाकडोळे लिंपून टाकतं. अशा वेळी हा पर्याय बंद करायचा. इलफर्ड कंपनीची एक्सपी२ फिल्म अपवाद: कृष्णधवल, पण रंगद्रव्यांवर चालणारी. बाकी सगळीकडे रबरी ब्लोअर आणि चिकाटी. आपल्याकडच्या पावसाळ्यात फिल्मवरच्या जिलेटिनवर, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या थरावर, बुरशी चढते; तिने जिलेटिनच खाल्लं असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ते परत आणत नाही, ‘एआयने फोटो जिवंत करा’ म्हणणारं तर मुळीच नाही. ते नवा चेहरा रंगवतं.

प्रिंटरसोबत येणाऱ्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवू नका. फिल्मला झाकणातून, म्हणजे पाठीमागून, उजेड लागतो. कागदी फोटोला ६०० डीपीआय पुरतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट ठेवा. मात्र तेव्हा आत आरसे आणि भिंग असलेला सीसीडीचा जाडजूड स्कॅनरच हवा: काचेला लागूनच सेन्सर असलेल्या पातळ सीआयएस स्कॅनरला काचेपासून दोन मिलिमीटर वरचंही धूसर दिसतं.