होम असिस्टंट की ओपनहॅब? तुलनेच्या तक्त्यामागचा इतिहास

घर स्वतःच ‘स्मार्ट’ करायला निघालेला माणूस लवकरच एका तक्त्यापाशी येऊन थांबतो. होम असिस्टंट, ओपनहॅब, डोमॉटिक्झ, नोड-रेड: घरातली वेगवेगळी उपकरणं एकत्र चालवायची मुक्त सॉफ्टवेअर. कशात किती उपकरणं चालतात, कोडिंग किती लागतं, मोबाइल ॲप बरं आहे का. तक्ता उपयोगाचा असतोच, पण त्यातली एखादी फुली नेमकी का पडली ते तो सांगत नाही. त्यासाठी ही साधनं कुणी आणि कोणत्या अडचणीपायी लिहायला घेतली ते बघावं लागतं.

सुरुवात एक्स-१० पासून होते. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९७५ मध्ये ही पद्धत बसवली. वेगळी वायर ओढायची नाही, घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच हुकूम पाठवायचा. १६ अक्षरं आणि १६ आकडे, म्हणजे एकूण २५६ पत्ते. हुकूम पोचल्याची पावती मात्र मूळ पद्धतीत मिळत नसे, त्यामुळे दिवा खरंच लागला का ते उठून बघणं आलं. याच एक्स-१० भोवती अमेरिकेत ब्रूस विंटर यांनी पर्ल भाषेत मिस्टरहाउस लिहिलं, हौशी लोकांच्या हाती आलेल्या पहिल्या मुक्त प्रणालींपैकी एक. जर्मनीत रुडॉल्फ क्योनिग यांचं एफएचईएमही पर्लमधलंच. ते आजही चालू आहे. त्याचा अवतार पाहून नवखा माणूस बिचकतो, जुने जर्मन वापरकर्ते मात्र ते सोडायला तयार नाहीत.

ओपनहॅब २०१० चं. काई क्रॉयत्सर यांनी ते जावामध्ये, ओएसजीआय या सुटे भाग जोडत प्रोग्रॅम बांधायच्या चौकटीवर उभारलं. युरोपात केएनएक्ससारख्या वायरवर चालणाऱ्या यंत्रणा आधीपासून होत्या, त्यांच्यासोबत इतर कंपन्यांची उपकरणं नांदवायची होती. म्हणून ओपनहॅबमध्ये हॉलचा दिवा म्हणजे आधी ‘हॉलचा दिवा’ या नावाचा एक आयटम. तो कुठल्या कंपनीचा, कुठल्या वायरवर की वायफायवर, हे आयटमला ठाऊकच नसतं. ते सांभाळायचं काम बाइंडिंगचं, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणाऱ्या जोडणीचं. उद्या दिवा बदलला तर जोडणी बदलायची, संध्याकाळी सातला दिवा लावायचा नियम तसाच राहतो. दहा खोल्यांच्या घरात ही शिस्त सोन्यासारखी. वन बीएचकेमध्ये दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी एवढा पसारा मांडायचा म्हणजे जिवावर येतं, आणि ओपनहॅब अवघड असल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

२०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला आणि घरात चोवीस तास पीसी चालू ठेवायची गरज संपली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये निघालेलं डोमॉटिक्झ सी++ मधलं, हलकं; तिथल्या स्मार्ट वीजमीटरचं वाचन आणि ४३३ मेगाहर्ट्झचे रेडिओ स्विच ही त्याची घरची कामं.

सप्टेंबर २०१३ मध्ये मूळचे डच असलेले पाउलस स्खाउत्सेन यांनी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सूर्य मावळला की फिलिप्स ह्यूचे दिवे लावायचे. होम असिस्टंट त्यातून वाढलं. इथे आराखडा आधी नव्हता, उपकरण आधी होतं. पायथन येणारा कुणीही आपल्या घरातल्या वस्तूसाठी जोडणी लिहून देऊ लागला, म्हणून तक्त्यातला त्याच्या उपकरणांचा आकडा एवढा फुगलेला दिसतो. किंमतही मोजावी लागली. सेटिंग लिहायच्या वायएएमएल फाइलमध्ये दोन स्पेस इकडच्या तिकडे झाल्या की सगळं ठप्प, आणि नव्या आवृत्तीसोबत ‘काय काय मोडेल’ याची यादी ठरलेली.

लोक या वाटेला लागले त्यात कंपन्यांचाही हातभार आहे. सुमारे ३०० डॉलरचा रिव्हॉल्व्ह हब, म्हणजे घरातली उपकरणं जोडणारा डबा, नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीनं २०१४ मध्ये कंपनीसकट विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली; डबा धडधाकट, पण कामाचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अशाच कंपनीचे सर्व्हर अचानक गप्प झाले. ज्यांनी इन्स्टिऑनचा हब घरातल्याच नेटवर्कवरून होम असिस्टंटला जोडला होता त्यांचे दिवे लागत राहिले. माझ्या मते तुलनेचा पहिला रकाना हाच असावा: इंटरनेट तोडलं तर काय काय चालू राहतं?

हे साधलं ते स्वस्त चिपमुळे. शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ ही वायफाय चिप २०१४ मध्ये हौशी मंडळींच्या हाती लागली. तिला बोलायला एमक्यूटीटी ही भाषा तयारच होती, जी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनली होती. त्यावर टास्मोटा आणि ईएसपीहोम ही मुक्त फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसणारी सॉफ्टवेअर, आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारं या चिपचं मोड्यूल स्विचबोर्डामागे बसवणाऱ्याला टास्मोटातली एक सेटिंग विशेष जवळची वाटेल: पॉवरऑनस्टेट. वीज जाऊन परत आली की रिले, म्हणजे मोड्यूलमधला विजेचा स्विच, बंद राहावा, चालू व्हावा की आधी होता तसा, हे ती ठरवते. भारनियमन पाहिलेल्या घरात गीझरसाठी शून्य, म्हणजे ‘बंद’, हेच बरं. रेडिओच्या बाबतीतही जागा पाहावी लागते. उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या दोन पद्धतींपैकी झेड-वेव्ह भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे अमेरिकेहून कुणी आणून दिलेली, तिथल्याच फ्रिक्वेन्सीची यूएसबी स्टिक इथे निरुपयोगी; दुसरी, झिगबी, २.४ गिगाहर्ट्झवर असल्यानं तिथे हा प्रश्न येत नाही.

पैशांचा मार्ग दोघांचा वेगळा. ओपनहॅबमागे जर्मनीतली ना-नफा संस्था आहे. होम असिस्टंटच्या मंडळींनी २०१८ मध्ये नाबू कासा ही कंपनी काढून घराबाहेरून वापरासाठी वर्गणी सुरू केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकल्प स्वित्झर्लंडमधल्या ओपन होम फाउंडेशनकडे सोपवला, जेणेकरून तो कुणाला विकता येऊ नये. २०२५ मध्ये त्यांनी पायथनमध्ये हातानं बसवायच्या ‘कोअर’ पद्धतीचा अधिकृत आधार काढून घेतला. आता त्यांची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कंटेनर (सगळं आधीच बांधून दिलेलं पॅकेज), एवढेच दोन अधिकृत रस्ते. स्क्रिप्ट म्हणून जन्मलेल्या साधनानं स्क्रिप्टवाल्यांनाच बाजूला सारलं. ओपनहॅबची झिप फाइल मात्र अजूनही जावा असलेल्या कुठल्याही मशीनवर उघडून चालवता येते.