घोडीचा मातृवंश म्हणजे घोड्याचा वंशवृक्ष नव्हे

घोड्याच्या उत्क्रांतीविषयी लिहिताना मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकाच्या) डीएनएवरून काढलेली वंशरेषा आणि पेशीकेंद्रातील जनुकसंचावरून काढलेला वंशवृक्ष यांची सरमिसळ करण्याची खोड काही केल्या जात नाही. पहिला डीएनए फक्त आईकडून येतो, हे सर्वांना ठाऊक असते. तो सुमारे 16,600 अक्षरांचा, तर केंद्रातील जनुकसंच सुमारे 270 कोटी अक्षरांचा. पेशीत पहिल्याच्या प्रती भरपूर असल्याने जुन्या अवशेषांतून तो आधी हाती लागला. नामशेष झालेला क्वागा हा आफ्रिकेतला प्राणी झेब्र्याचा जवळचा नातलग आहे, हे 1984 मध्ये कातडीतून मिळालेल्या अशाच तुकड्यांनी दाखवले.

खरा घोळ होतो तो एकाच प्रजातीच्या आत. जत-आटपाडीकडच्या गावांत बैल घेऊन येणारा हेळवी चोपडीतून घराण्याच्या पिढ्या वाचतो, तेव्हा नावे बापाकडून मुलाकडे चालतात. चोपडी खोटी नसते, पण आजीच्या माहेरचा ठाव तीत लागत नाही. मायटोकाँड्रिया ही तशीच चोपडी, फक्त आईच्या बाजूची. माणदेशातल्या मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहणारे एखादे तट्टू घेतले, तर दहा पिढ्यांमागे त्याच्या पूर्वजांच्या 1,024 जागा भरतात आणि मायटोकाँड्रिया त्यांपैकी एकाच घोडीविषयी बोलते.

म्हणूनच आजच्या पाळीव घोड्यांच्या मातृरेषा सुमारे 1.3 ते 1.6 लाख वर्षांपूर्वी एका घोडीपाशी एकत्र येतात, यावरून ‘घोड्याची मूळ आई’ सापडल्याचे मथळे वाचले की माझा संताप होतो. ती घोडी पहिली नव्हती, एकटीही नव्हती आणि माणसाळलेली तर नव्हतीच. आजच्या पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा-डॉनच्या गवताळ प्रदेशात, सुमारे 4,200 वर्षांपूर्वीचे असल्याचे 2021 मध्ये कळले, तेही प्राचीन हाडांतील पेशीकेंद्रांच्या जनुकसंचांवरून. पैदाशीत घोड्या पुष्कळ आणि निवडक नर थोडे राहिल्याने जुन्या मातृरेषा टिकल्या, पितृरेषा मात्र मोजक्याच उरल्या; फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात आजचे घोडे एकमेकांसारखे दिसतात ते यामुळेच.

मध्य आशियातल्या, पाळीव नसलेल्या प्रझेवाल्स्कीच्या घोड्याबाबत तर हा फरक उघडच दिसतो. मातृरेषांच्या तक्त्यात तो पाळीव घोड्यांच्या फांद्यांमध्येच बसतो, तर संपूर्ण जनुकसंचात त्याची शाखा स्पष्टपणे वेगळी निघते. त्याची गुणसूत्रे 66 आणि पाळीव घोड्याची 64, हा फरक सगळेच सांगतात. पण त्या दोघांची पिल्ले प्रजननक्षम असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर वंशाचा निवाडा होत नाही. मातृरेषेचा तक्ता छापायचा असेल, तर त्याखाली तो मातृरेषेचा आहे एवढे तरी छापावे.