‘ज्यू आणि लोकशाही’: एका जोडशब्दाची पार्श्वभूमी

इस्रायलच्या बातम्यांमध्ये ‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ हे शब्द इतके रुळले आहेत, की ते १९४८ पासूनचेच असावेत असं वाटतं. तसं नाही. १४ मे १९४८ च्या घोषणापत्रात ‘ज्यू राज्य’ आहे. धर्म, वंश, लिंग न पाहता सर्व रहिवाशांना संपूर्ण सामाजिक आणि राजकीय समानतेचं वचनही आहे. ‘लोकशाही’ हा शब्द मात्र कुठेच नाही.

राज्यघटना १ ऑक्टोबर १९४८ पर्यंत व्हायची होती. युद्ध चालू होतं, निवडणूक जानेवारी १९४९ मध्ये झाली आणि निवडून आलेल्या घटना समितीने स्वतःचंच रूपांतर पहिल्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये केलं. धार्मिक पक्षांचा लिखित घटनेला विरोध होता, सत्ताधाऱ्यांनाही हात बांधून घ्यायचे नव्हते. जून १९५० मध्ये तोडगा निघाला: घटना एकदम लिहायची नाही, एकेक प्रकरण ‘मूलभूत कायदा’ म्हणून करायचं. ते काम आजही अपुरं आहे. या काळात अरब नागरिकांना मताधिकार होता, पण त्यातले बहुतेक १९६६ पर्यंत लष्करी प्रशासनाखाली होते. गावाबाहेर जायला परवाना लागे.

खरा गुंता आहे तो ‘लेओम’ या हिब्रू शब्दात. मराठीत आपण नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व सहज एकमेकांच्या जागी वापरतो. इस्रायलमध्ये त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘एझ्राहुत’ म्हणजे नागरिकत्व. ते सर्वांचं इस्रायली. ‘लेओम’ म्हणजे कोणत्या राष्ट्रसमूहाचे. तिथे ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा एक वेगळा धर्मसमूह) अशी नोंद होते, ‘इस्रायली’ अशी होत नाही. पासपोर्टवर हिब्रूत ‘एझ्राहुत’ छापतात आणि शेजारी इंग्रजीत ‘नॅशनॅलिटी’, त्यामुळे बाहेरच्या वाचकाला हा फरक दिसतच नाही. ‘इस्रायली’ अशी नोंद मागणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने दोनदा फेटाळले, १९७२ मध्ये आणि २०१३ मध्ये. ज्या राष्ट्रात सर्व नागरिकांना मिळून एक नाव घेता येत नाही, तिथे ‘कोणाची लोकशाही?’ हा प्रश्न आधी नोंदणी कार्यालयात उभा राहतो, संसदेत नंतर.

१९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला स्थलांतराचा हक्क दिला, पण ज्यू कोण हे सांगितलंच नाही. १९६२ मध्ये ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्या, पुढे कॅथलिक झालेल्या एका पोलिश मठवाशाने हा हक्क मागितला. धर्मशास्त्राप्रमाणे तो ज्यूच होता. न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी नाही म्हटलं, कारण सामान्य ज्यू माणूस त्याला ज्यू म्हणणार नाही. जानेवारी १९७० मध्ये उलटं घडलं. एका नौदल अधिकाऱ्याची पत्नी ज्यू नव्हती. मुलांच्या नोंदीत धर्म कोरा ठेवून ‘लेओम’मध्ये ज्यू लिहावं अशी त्याची मागणी होती. ती ५ विरुद्ध ४ ने मान्य झाली. दोनच महिन्यांत संसदेने कायदा बदलला: ज्यू म्हणजे ज्यू आईचं मूल किंवा धर्मांतरित, आणि अन्य धर्माचा नसलेला. पण त्याच दुरुस्तीत स्थलांतराचा हक्क ज्यू माणसाची मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांनाही दिला. दार रुंद, व्याख्या अरुंद. १९९० नंतर सोव्हिएत प्रदेशांतून आलेल्या लाखो लोकांना याचा फटका बसला. नातू म्हणून नागरिकत्व मिळालं, पण देशात लग्न लावणं धार्मिक यंत्रणांच्याच हाती. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांना ज्यू मानत नाहीत, म्हणून सायप्रसला जाऊन लग्न करायचं आणि परत येऊन नोंदवायचं.

हाच काच कोकणातून गेलेल्या ज्यूंनी, म्हणजे बेने इस्रायलींनी, आधीच सोसला होता. शतकानुशतकं रब्बींच्या नियमांपासून दूर राहिल्याने त्यांच्यातले घटस्फोट आणि विधवांची पुनर्लग्नं शास्त्रोक्त झाली होती का, अशी शंका काढली गेली. १९६२ मध्ये लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेली: आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. अलिबाग-पेणकडच्या घराण्यांनी कसली कागदपत्रं दाखवायची? जेरुसलेममध्ये आंदोलन झालं आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हटलं. सूचनेतून समाजाचं नाव गेलं, संशयिताची तपासणी उरली.

ओळखपत्रावरचं ‘लेओम’ २००२ मध्ये गेलं, तेही समानतेसाठी नाही. सुधारणावादी पंथांची धर्मांतरं नोंदवा, असा न्यायालयाचा आदेश आला. त्या धर्मांतरितांना ज्यू लिहिण्यापेक्षा गृहखात्याने रकानाच काढला आणि तिथे तारकांची ओळ आली. लोकसंख्या नोंदवहीत ‘लेओम’ कायम आहे.

‘ज्यू आणि लोकशाही’ हा जोडशब्द कायद्यात आला तो मार्च १९९२ च्या मानवी प्रतिष्ठेच्या मूलभूत कायद्यातून. त्याआधी १९८५ मध्ये निवडणुकीच्या नियमांत ज्यू राज्य नाकारणाऱ्या, लोकशाही नाकारणाऱ्या आणि वंशद्वेष चेतवणाऱ्या उमेदवारयाद्या बाद करायची तरतूद झाली होती. १९९२ चा हा कायदा ३२ विरुद्ध २१ मतांनी संमत झाला. १२० च्या सभागृहात निम्मे सदस्यही मतदानाला नव्हते. धार्मिक पक्षांची संमती मिळवताना ‘समानता’ हा शब्द गाळला गेला. न्यायालयाने नंतर समानता ‘प्रतिष्ठे’च्याच अर्थात धरली. मार्च २००० मध्ये सरकारी जमीन फक्त ज्यूंना देता येणार नाही असा निकाल आला, तोही समानतेच्या तत्त्वावर.

१९ जुलै २०१८ चा राष्ट्र-राज्य कायदा ६२ विरुद्ध ५५ ने झाला. राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा अधिकार फक्त ज्यू लोकांचा; अरबी राजभाषेवरून ‘विशेष दर्जा’वर; ज्यू वसाहत हे राष्ट्रीय मूल्य. ‘लोकशाही’ आणि ‘समानता’ दोन्ही शब्द नाहीत, आणि पाचातला एक नागरिक अरब आहे. लष्करात सक्तीने सेवा करणारे द्रूझही रस्त्यावर उतरले. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने १० विरुद्ध १ ने कायदा टिकवला. विरोधी मत एकमेव अरब न्यायाधीशाचं. राज्याचा ज्यू किंवा लोकशाही गाभा संसदेलाही मोडता येणार नाही, असं मात्र बहुमताने लिहून ठेवलं. सरकारचे निर्णय ‘वाजवी’ नाहीत म्हणून रद्द करायचा न्यायालयाचा अधिकार काढून घेणारी दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ ने रद्द झाली, तिचा पाया तोच.

राष्ट्र-राज्य कायदा नुसता प्रतीकात्मक आहे, असं त्याचे समर्थक सांगतात. २०२० मध्ये कार्मिएल शहरातल्या एका अरब कुटुंबाने मुलांचा बसखर्च मागितला, कारण शहरात अरबी शाळा नव्हती. कनिष्ठ न्यायालयाने दावा फेटाळताना हाच कायदा पुढे केला: ज्यू शहराचं स्वरूप जपायला हवं. वरच्या न्यायालयाने ही कारणमीमांसा चुकीची ठरवली. अपील मात्र अन्य कारणांनी फेटाळलं, आणि बसचे पैसे मिळाले नाहीत.