पेप्सीकोला आणि सीरमची नळी

शाळेबाहेर मिळणारा पेप्सीकोला आठवतोय? पिशवीचं टोक दातानं तोडून चोखलं की पहिल्या दोन-चार घोटांतच सगळा रंग आणि गोडी तोंडात यायची. हातात उरायचा तो फिका, बेचव बर्फ. गोठवलेलं सीरम असंच वागतं, आणि अँटिबॉडीच्या रिपोर्टमधले काही घोळ तिथूनच सुरू होतात.

सीरम म्हणजे रक्ताची गुठळी झाल्यावर सुटणारं पिवळसर पाणी. ते गोठताना आधी पाण्याचा बर्फ होतो. क्षार आणि प्रथिनं उरलेल्या द्रवात ढकलली जातात. तिथं दाटी होते, काही प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांना चिकटतात. एकदाच गोठवलं तर फारसं बिघडत नाही. अमेरिकी लष्कर सैनिकांच्या एचआयव्ही तपासणीतून उरलेलं सीरम उणे ३० अंशांना वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतं. त्याच साठ्यातल्या जुन्या नळ्या तपासून २०२२ साली एपस्टाईन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा संबंध पक्का झाला. तपासलेल्या ८०१ रुग्णांपैकी एक सोडून सगळ्यांच्या सीरममध्ये त्या विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्या.

बिघडवते ती गोठव-वितळव. एकच नळी चार टेस्टसाठी चारदा बाहेर काढली की दर खेपेला थोडी झीज होते. म्हणून जाणता टेक्निशियन पहिल्याच दिवशी सीरम छोट्या नळ्यांत वाटून ठेवतो. घरगुती नो-फ्रॉस्ट फ्रीज या कामाला नकोच. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून आतून तापतो.

वितळल्यावरची चूक तर अगदीच साधी. दाट द्रव तळाशी जातो, वर जवळजवळ पाणीच. नळी हलक्या हातानं पाच-सहा वेळा उलटसुलट न करता वरचेच थेंब पिपेटनं उचलले, तर अँटिबॉडी शाबूत असूनही आकडा कमी येतो.

उष्णतेला मात्र आपण जरा जास्तच घाबरतो. सिफिलिसच्या व्हीडीआरएल टेस्टसाठी सीरम मुद्दाम ५६ अंशांना अर्धा तास तापवतात. त्यात कॉम्प्लिमेंट नावाची नाजूक प्रथिनं निकामी होतात, टेस्टला हव्या त्या अँटिबॉडी टिकतात. (म्हणून नळी उन्हात ठेवायची असं नव्हे, जंतू वाढले की प्रथिनांचा फडशा पडतो.)

आणि कधी कधी फ्रीजच चोर निघतो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियानंतर काहींच्या रक्तात कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन तयार होतात. या अँटिबॉडी थंडीत लाल पेशींना चिकटतात. सीरम वेगळं करण्याआधीच रक्ताची नळी कुणी काळजीपोटी फ्रीजमध्ये ठेवली, तर या अँटिबॉडी पेशींवर बसून गुठळीतच राहतात आणि सीरममध्ये टायटर, म्हणजे अँटिबॉडीच्या प्रमाणाचा आकडा, खोटा कमी येतो. म्हणून हे रक्त सीरम काढेपर्यंत ३७ अंशांनाच ठेवायचं. चुकून गार झालंच, तर नळी तशीच ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवायची. ऊब मिळाली की अँटिबॉडी पेशींना सोडून पुन्हा सीरममध्ये उतरतात.