गद्दाफींचा पैसा परक्या बंडांकडे का गेला?

सप्टेंबर 2025 मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं फ्रान्सच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांना गुन्हेगारी कटाबद्दल पाच वर्षांची शिक्षा सुनावली. 2007 च्या निवडणुकीसाठी लिबियाकडून पैसा मिळवण्याचा घाट निकटवर्तीयांनी घातला आणि यांनी तो घालू दिला, असा ठपका. तो पैसा प्रचारात प्रत्यक्ष वापरला गेला, हे सिद्ध झालं नाही; इतर आरोपांतून ते सुटले आणि शिक्षेविरुद्ध अपिलात गेले. निकालाच्या बातम्यांत सगळा भर घेणाऱ्यावर होता. देणाऱ्याचं, म्हणजे लिबियाचे हुकूमशहा मुअम्मर गद्दाफींचं, खातं मात्र बरंच जुनं आहे.

1969 मध्ये राजाला हटवून 27 वर्षांचे गद्दाफी सत्तेवर आले, तेव्हा लिबियाची लोकसंख्या जेमतेम वीस लाख होती. फौज तोकडी, तेलाची तिजोरी भरलेली, आणि लहानपणापासून कैरोच्या रेडिओवर ऐकलेली अरब क्रांतीची भाषणं कानात. अशा राज्यकर्त्याला जगात दबदबा हवा असेल तर दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं सगळ्यांत स्वस्त पडतं. विचारसरणीचा भाग त्यात होता, नाही असं नाही. पण तेवढ्यानं पुढचे व्यवहार उलगडत नाहीत.

आयर्लंडचंच घ्या. जून 1972 च्या भाषणात गद्दाफींनी ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांना आपला पाठिंबा असल्याचं उघड सांगितलं. मार्च 1973 मध्ये आयर्लंडच्या नौदलानं वॉटरफर्डच्या किनाऱ्याजवळ ‘क्लॉडिया’ हे जहाज पकडलं. पोटात पाच टन शस्त्रं आणि डेकवर या क्रांतिकारकांच्या ‘आयआरए’ (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेचा एक बडा नेता. 1974 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या विरुद्ध बाजूच्या, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र गटाचे लोकही लिबियाची राजधानी ट्रिपोलीला जाऊन आले, आणि त्यांनाही दार उघडलं गेलं. मग हा ओघ बराच आटला.

तो पुन्हा वाढला 1985 मध्ये. नेहमी सांगितलं जातं की, एप्रिल 1986 मध्ये अमेरिकी विमानांनी ब्रिटनमधल्या तळांवरून उडून ट्रिपोलीवर बॉम्ब टाकले, त्याचा हा सूड. तारखा पाहिल्या तर हे पूर्ण जुळत नाही. पहिली खेप ऑगस्ट 1985 मध्येच आयर्लंडमधल्या विक्लोच्या किनाऱ्यावर उतरली होती. हल्ल्यानंतर खेपा मोठ्या झाल्या, एवढं खरं. कारण शोधायचं तर एप्रिल 1984 मध्ये जावं लागतं. लंडनच्या लिबियन वकिलातीसमोर गद्दाफींचे निर्वासित विरोधक निदर्शनं करत होते. आतून गोळीबार झाला, बंदोबस्तावरची एक तरुण महिला पोलीस ठार झाली आणि ब्रिटननं संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात ट्रिपोलीत गद्दाफींच्या निवासी छावणीजवळ बंडखोरांशी चकमक झडली. परदेशांत आसरा घेतलेल्या विरोधकांना ते 1980 पासून वेचून मारवत होते. तुम्ही माझे बंडखोर पोसता, मग मी तुमचे पोसतो, असा हा सरळ हिशेब. स्वतःच्या देशात पक्ष काढायला बंदी घालणारा माणूस दुसऱ्यांच्या देशातल्या चळवळींवर एवढा उदार का, याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं.

1987 मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सुंड’ जहाजाचं सुकाणू बिघडलं आणि फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी शंभराहून अधिक टन शस्त्रांसह पाच जणांना पकडलं. विमानवेधी क्षेपणास्त्रंही त्यात होती. पण आधीच्या चार खेपा पोचून गेल्या होत्या आणि त्यांतलं सेमटेक्स हे स्फोटक पुढं कित्येक वर्षं पुरलं.

बाकीच्या ठिकाणीही पैसा आणि प्रशिक्षण गेलं: दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्याला, लिबियातच शिकून 1989 मध्ये लायबेरियात युद्ध पेटवणाऱ्यांना, चाडमधल्या गटांना. फिलिपिन्सचं उदाहरण जास्त बोलकं. तिथल्या मुस्लिम बंडखोरांना मदत करणाऱ्या ट्रिपोलीतच 1976 चा त्यांचा सरकारशी करार झाला. आग लावणारा आणि पाण्याचा टँकर आणणारा एकच. 2000 साली तिथल्या होलो बेटावरचे ओलीस सोडवायलाही लिबियाचेच मध्यस्थ धावले.

म्हणजे बंडखोर हा घेऊन ठेवायचा आणि भाव आला की विकायचा माल होता. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागले, तेव्हा भाव आला. 1995 मध्ये लिबियानं आयरिश संघटनेशी असलेल्या व्यवहारांची माहिती ब्रिटनच्या हवाली केली.

खरा वाद मात्र नंतरच्या भरपाईचा आहे. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवरच्या विमानस्फोटात, ज्याची जबाबदारी लिबियानं पुढं स्वीकारली, 270 जण गेले. त्यांच्या कुटुंबांसाठी 2003 मध्ये 2.7 अब्ज डॉलर ठरले. 2006 मध्ये आयआरएच्या स्फोटांतल्या पीडितांनी, त्यांत 1983 मध्ये लंडनच्या ‘हॅरॉड्स’ दुकानाबाहेरच्या स्फोटात जखमी झालेला अमेरिकीही होता, लिबियावर वॉशिंग्टनमध्ये दावा लावला. 2008 मध्ये अमेरिकेनं लिबियाशी सरसकट तडजोड केली: दीड अब्ज डॉलर घेतले आणि आपल्या नागरिकांचे दावे मिटवले. याच दाव्यातले ब्रिटिश पीडित बाहेर राहिले. शस्त्रं तीच, पण पासपोर्ट वेगळा.

ब्रिटिश सरकारनं तेव्हा काय केलं? लिबियाच्या लेखी हा विषय संपला आहे, तो आपण उकरून काढणं योग्य नाही, असं तत्कालीन पंतप्रधानांनी पीडितांच्या वकिलांना 2008 मध्ये कळवलं. त्याआधीच्या पंतप्रधानांनी 2004 मध्ये गद्दाफींच्या तंबूत जाऊन हात मिळवला होता आणि 2007 मध्ये एका ब्रिटिश तेल कंपनीला मोठा शोधकरार मिळाला होता. सरकारचं म्हणणं, दहशतवादविरोधी सहकार्य गमावणं परवडणारं नव्हतं. हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. लिबियानं अण्वस्त्रांचा कार्यक्रम खरोखर सोडला होता. पण सहकार्य अमेरिकेलाही हवंच होतं, आणि तिनं पैसेही वसूल केले. सप्टेंबर 2009 मध्ये टीकेचा भडिमार झाल्यावर पंतप्रधानांनी भूमिका बदलली आणि पीडितांच्या मदतीला परराष्ट्र खात्याचं पथक दिलं. दोन वर्षांत गद्दाफी मारले गेले, तेही बाहेरून शस्त्रं मिळालेल्या बंडात, आणि पैसे मागायचे कोणाकडे हाच प्रश्न उरला.

अब्जावधी पौंडांची लिबियन मालमत्ता ब्रिटनमध्ये गोठलेली आहे. ती संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाखाली असल्यानं हात लावता येत नाही, असं सरकार सांगतं. त्या मालमत्तेवर ब्रिटनला कर मिळतो. त्यातून तरी द्या, अशी पीडितांची मागणी होती. सरकारनंच नेमलेल्या विशेष प्रतिनिधीनं भरपाईवर अहवाल दिला. 2021 मध्ये सरकारनं कराची मागणी फेटाळली आणि अहवाल प्रसिद्ध करायलाही नकार दिला.