गाठींची वजने घंटेच्या आकारात आली, म्हणजे प्रेस स्थिर आहे का?

हिंगणघाट, वणी, अकोट या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ साधारण १७० किलोची बांधतात. दिवसभराच्या वजनांचा हिस्टोग्राम (कोणत्या वजनाच्या किती गाठी ते दाखवणारा स्तंभालेख) मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता दिसला की ‘प्रोसेस कंट्रोलमध्ये आहे’ असा शेरा पडतो. तो शेरा आकारावरून देता येत नाही. नॉर्मल वितरण, म्हणजे हा घंटेचा आकार, आकडे कसे पसरले ते सांगते. स्थिरता ते कोणत्या क्रमाने आले त्यावरून कळते, आणि हिस्टोग्राममध्ये क्रमच पुसला जातो.

समजा, सकाळच्या गाठी १७१ किलोच्या आसपास होत्या आणि ऊन चढून रुई सुकत गेली तशा त्या १६९ कडे सरकल्या. सगळी वजने एकत्र केली तर आकार घंटेसारखाच दिसू शकतो. प्रेस मात्र दिवसभर घसरत होता.

म्हणून वजने गाठीच्या क्रमानेच लिहा. लागोपाठच्या दोन गाठींमधला फरक काढा, वजा चिन्ह सोडून, आणि त्या फरकांची सरासरी घ्या. वजनांची सरासरी १७०.२ आणि फरकांची ०.८ असेल, तर २.६६ (या पद्धतीचा ठरलेला गुणक) × ०.८ = २.१, म्हणजे सरासरीच्या खाली-वर मर्यादा १६८.१ आणि १७२.३. वजने क्रमाने आलेखावर मांडून मध्ये सरासरीची आणि खाली-वर मर्यादांची रेषा काढली की तो झाला कंट्रोल चार्ट. एखादा बिंदू बाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर कारण शोधायचे: काट्याचे शून्य सरकले का, रुईचा ओलावा बदलला का. इथे सगळ्या आकड्यांचे एकत्रित प्रमाण विचलन (पसरण मोजणारा आकडा) वापरणे ही फार नडणारी चूक. घसरणीमुळे ते फुगते, मर्यादा रुंदावतात आणि घसरण त्यांच्या आतच लपते.

उलट बाजू रुईतल्या कचऱ्याची. त्याची टक्केवारी शून्याखाली जात नाही, वर मात्र लांब शेपूट निघते. नॉर्मॅलिटी टेस्ट (आकडे घंटेच्या आकारात बसतात का, ही चाचणी) नापास होते, तरी प्रक्रिया पूर्ण स्थिर असू शकते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या कंट्रोल चार्टला नॉर्मल आकड्यांची अट नाही. ती लागते पुढे, सीपीके (माल ग्राहकाने ठरवलेल्या मर्यादेत किती बसतो ते सांगणारा आकडा) काढून किती गाठी त्या मर्यादेबाहेर जातील याचा अंदाज बांधताना. आणि प्रक्रिया अस्थिर असेल तर तो अंदाज उद्याच्या मालाला लागूच पडत नाही.

टेस्ट नापास झाली म्हणून लगेच लॉगरिदम घेऊन आकडे घंटेच्या आकारात बसवू नका. आधी चार्ट पाहा: फरदडीचा (हंगाम संपल्यावर झाडे तशीच ठेवून घेतलेला) कापूस पहिल्या वेचणीच्या मालात मिसळला असेल, तर लांब शेपूट त्याचेच असेल. कचऱ्याची खालची मर्यादा ऋण आली, तर ती रेषा काढायचीच नाही.